मोकळ्या कपाळाची तसबीर

मित्रांनो, मी एक जुनी तसबीर आहे. फोटो नव्हे हं, हाताने काढलेली, तैलरंगातली. देवळाली प्रवरेत कालव्याजवळच्या एका घरात, पुढच्या खोलीत, टीव्हीच्या समोरच्या भिंतीवर माझी जागा आहे. माझ्यात एक म्हातारी बाई बसली आहे. तिच्या मांडीवर सूप आहे, सुपात तांदूळ आहेत. दारातून आत आलात की ती तुमच्याकडेच बघते असं तुम्हाला वाटेल. खरं तर चित्र काढणाऱ्या मास्तरांच्या खांद्यावरून ती पलीकडच्या डोंगराकडे बघत होती, आणि अजून तिकडेच बघते आहे. पण पाहुण्यांचा गैरसमज मी कशाला मोडू? तेवढाच मान मिळतो.

भिंतीवरचं आयुष्य म्हणजे निम्मी झोप असते. दुपारी सगळे आडवे होतात, पंखा कुरकुरत फिरतो, साखर कारखान्याचा हंगाम असला तर मळीचा आंबूस गोड वास खिडकीतून येतो आणि मला डुलकी लागते. डुलकीत मला भाताची खाचरं दिसतात. गुडघाभर पाण्यात वाकलेल्या बाया दिसतात, धुक्यात हरवलेली गाय दिसते. आता गंमत अशी की मी खाचरं कधी पाहिलेलीच नाहीत. ती त्या बाईनं पाहिली होती. चित्रासाठी बसल्या बसल्या ती बोलत राहायची, आणि ओल्या रंगात काय काय चिकटून बसतं ते रंगालाच ठाऊक. त्यामुळे माझ्या आठवणीतलं माझं कुठलं आणि तिचं कुठलं, हे मला नीट सांगता येत नाही. जमेल तसं सांगते.

माझा जन्म अकोल्याचा, म्हणजे नगरकडच्या डोंगराजवळच्या अकोल्याचा. तिथल्या शाळेत रामहरी मास्तर चित्रकला शिकवायचे. त्यांनी सागाच्या चौकटीवर मांजरपाट ताणला, त्यावर सरसाचा हात दिला, मग पांढरा रंग दिला, आणि मला उन्हात वाळत ठेवलं. तेव्हा मी नुसतीच कोरी होते. बाजाराच्या दिवशी चांगुणाबाई नावाची एक म्हातारी डोंगरातल्या गावातून तांदूळ विकायला यायची. तांदूळ संपले की परतीची गाडी येईपर्यंत शाळेच्या ओट्यावर उन्हाला बसायची. तरुणपणीच तिचा नवरा गेला होता. लेकरं तिनं एकटीनं वाढवली होती. हनुवटीवर गोंदणाचे हिरवे ठिपके, कपाळ मोकळं. मास्तरांनी तिला विचारलं, की तुमचं चित्र काढू का.

"माजं काय काढता मास्तर?" ती म्हणाली. "अंगावर ना सोनं, ना नानं. आन् ह्यो वास कसला? जवसाची चटनी वाटली का काय?"

रंगात जवसाचंच तेल असतं. मास्तर हसले आणि तिला बसवलं. त्या हिवाळ्यात दर बाजारच्या दिवशी ती बसली.

एकच अडचण होती. तिचे हात थांबायचे नाहीत. पदराची शिवण चाचपून बघ, काडी उचलून मोड, जमिनीवरचे दाणे वेच. शेवटी मास्तरांनी तिच्या मांडीवर सूप दिलं आणि म्हणाले, तांदूळ निवडा. मग हात आणखीच चालू लागले. "जरा थांबवा की हात," मास्तर म्हणायचे. ती म्हणायची, "हात थांबलं तर मला झोप लागंल मास्तर." म्हणून माझ्यातला चेहरा रेखीव आहे, सुरकुती न् सुरकुती मोजून घ्या, पण हात अर्धवट आहेत. चार-सहा फटकारे, बस. ज्यांना चित्रातलं कळतं ते माझ्यापुढे उभे राहून हमखास म्हणतात, "चेहरा काय सुंदर, हात मात्र राहिलेत." मला त्याचा राग येतो. हात राहिलेले नाहीत, चालू आहेत.

शेवटच्या दिवसाची गोष्ट मला सगळ्यांत स्वच्छ आठवते. चित्र झालं होतं. मास्तरांनी ब्रशच्या टोकाला लाल रंग घेतला आणि हळूच विचारलं, "चांगुणाबाई, कुंकू काढू का? चित्रात आहे, इथं कोण विचारतंय?"

ती बराच वेळ त्या लाल रंगाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "नगं मास्तर. लोक नावं ठिवत्यात. कपाळ मोकळंच असू द्या."

मास्तर भला माणूस. त्यांनी मान हलवली, ब्रश बाजूला ठेवला आणि हात धुवायला हौदाकडे गेले. मी आणि ती, दोघीच राहिलो. तिनं एक बोट पुढे केलं आणि मास्तरांच्या पाटीवरच्या लाल रंगात बुडवलं. बोट लाल झालं. तिनं ते उन्हात धरून पाहिलं. मग मास्तर परत येताना दिसले तशी तिनं ते घाईनं माझ्या कडेला टेकवलं, जिथं कापड चौकटीवर दुमडून खिळे मारतात तिथं. वरून बाहेरची चौकट बसली आणि तो ठसा झाकला गेला. हे फक्त मला माहीत आहे, आणि आता तुम्हाला.

जाताना तिनं मला एकदा नीट पाहिलं. "ही माज्यापरास म्हातारी दिसती," म्हणाली आणि तांदळाची रिकामी पिशवी खांद्यावर टाकून गेली. पुढच्या पावसाळ्यानंतर ती बाजारात दिसली नाही. मास्तरांना कुणीतरी ती गेल्याचं सांगितलं, आणि त्या दिवशी ते माझ्याकडे पाठ करून बसले.

पुढे मास्तरांची बदली देवळालीला झाली. त्यांनी मला गोधडीत गुंडाळून सोबत आणलं आणि एका शेतकऱ्याच्या घरात पुढची खोली भाड्यानं घेतली. त्या घरातला तरुण मुलगा रंभाजी. उसाला पाणी देऊन यायचा आणि दारात उभा राहून माझ्याकडे बघत बसायचा. अंगावर पीत होता तेव्हाच तापानं त्याची आई गेली होती. तिचा फोटो नव्हता. ती कशी दिसायची, हे सांगणारी माणसंही, वडीलसुद्धा, एकेक करून गेली होती. मास्तर निवृत्त होऊन गावी निघाले तेव्हा तो म्हणाला, "मास्तर, हिला हितंच ठिवा की."

"रंभाजी, ही कोण आहे माहीत आहे ना तुला?"

"माहीत हाय. पर माजी आई म्हातारी झाली असती, तर आशीच दिसली असती."

 मास्तर मला तिथंच ठेवून गेले. अशी मी त्याची आई झाले. म्हणूनच मी त्याला एकेरी हाक मारते, राग मानू नका.

रंभाजीचं लग्न झालं, केशरबाई घरात आल्या. नव्या नवरीनं विचारलं, ह्या कोण? रंभाजी म्हणाला, आई. एवढंच म्हणाला. पुढचं सांगायचं राहून गेलं. कधी कधी माणसं खोटं बोलत नाहीत, नुसती गप्प बसतात, आणि तेवढ्यानं काम भागतं.

आता इथं एक रीत सांगायला हवी. पितृपंधरवड्यात अविधवा नवमी येते. नवऱ्याच्या आधी, कुंकू लावूनच गेलेल्या बाईची ती तिथी. त्या दिवशी तिच्या नावानं पान वाढतात आणि एका सवाष्णीला जेवायला बोलावतात. रंभाजीची आई सवाष्णच गेली होती. म्हणून पहिल्याच वर्षी केशरबाईंनी मला भिंतीवरून उतरवलं, पाटावर ठेवलं, झेंडूचं फूल वाहिलं, आणि हळदीकुंकवाचं बोट पुढे नेऊन थबकल्या. माझं कपाळ मोकळं.

"अगं बाई," त्या पुटपुटल्या, "मास्तर कुंकू काढायलाच इसरले. पुरुषमानूस, त्यांना काय कळतंय."

आणि त्यांनी पाण्यात भिजवलेलं कुंकू माझ्या कपाळावर, थेट रंगावर, ठसठशीत लावलं. रंभाजी दारात उभा होता. त्याचं तोंड उघडलं. मग मिटलं. मित्रांनो, तेव्हा मला काय वाटलं ते सांगू? तैलरंगावर ओलं कुंकू म्हणजे विषच, पण मला फार बरं वाटलं. कडेच्या झाकलेल्या ठशापाशी काहीतरी गरम झाल्यासारखं वाटलं. कदाचित तो नुसता दुपारचा उन्हाचा पट्टा असेल.

दर नवमीला हेच. खीर, वडे, अळूची भाजी, उदबत्तीचा धूर, आणि एक ओलं बोट. मधल्या काळात मला विशेष कुणी विचारत नसे. मुलं टीव्ही बघायची, तीही माझ्याकडे पाठ करून. दिवाळीच्या साफसफाईत कुणीतरी ओल्या फडक्यानं माझं तोंड खसाखसा पुसायचं. मी काळवंडत गेले. तिच्या बोलण्यावरून मास्तरांनी मागे काढलेली धुक्यातली गाय दिसेनाशी झाली. कपाळावर मात्र कुंकवाचा थर वाढत वाढत खपलीसारखा जाड झाला आणि त्याच्या भोवतीचा रंग तडकू लागला.

मग रंभाजी गेला. शेवटचे काही दिवस त्याची खाट माझ्या समोर होती. तो माझ्याकडे बघून हात हलवायचा आणि मी आपली डोंगराकडे बघत राहायचे. याचं मला आजही वाईट वाटतं. मान वळवता आली असती तर तेव्हा वळवली असती. तो गेल्यावर बाया आल्या आणि केशरबाईंच्या कपाळावरचं कुंकू पुसलं. त्या वर्षीच्या नवमीला मला पाटावर ठेवलं तेव्हा केशरबाई भिंतीला टेकून लांब बसल्या. नात ज्ञानेश्वरीनं कुंकू लावलं, जेवायला आलेल्या सवाष्णीलाही तिनंच लावलं. केशरबाई नुसत्या "आता पान वाढ", "आता दिवा लाव" असं सांगत होत्या.

ज्ञानेश्वरी नगरला शिकते, सावेडीत राहते. तिच्याच लक्षात आलं, की माझ्या कपाळाजवळचा रंग गळून पडतो आहे. तिनं मला चादरीत गुंडाळून सावेडीला नेलं. तिथं सुनील सर राहतात. ते रामहरी मास्तरांचे विद्यार्थी, जुनी चित्रं दुरुस्त करतात. त्यांनी मला टेबलावर आडवं निजवलं, चौकट काढली, कापसाच्या बोळ्यानं कुंकवाची एक कड हलकेच ओली केली, आणि बराच वेळ बघत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी केशरबाईंना बोलावून घेतलं.

"आजी," सर म्हणाले, "हा थर काढला नाही तर चेहरा जाईल. पण खाली कपाळ कोरं आहे."

"मास्तर इसरले हुते," केशरबाई म्हणाल्या.

"मास्तर गोंदणाचा ठिपकासुद्धा विसरायचे नाहीत. हे चित्र त्यांच्या अकोल्याच्या दिवसांतलं आहे. ही बाई तिकडची असणार, आणि विधवा असणार."

केशरबाई खुर्चीवर बसल्या होत्या, त्या उठून खाली फरशीवर बसल्या. त्यांचं सासर, संसार, सगळं त्या एका तसबिरीच्या भोवती मांडलेलं होतं. ती सासू त्यांची नव्हतीच.

"म्हंजे ह्यांनी मला सांगितलं न्हाई," त्या हळूच म्हणाल्या. "आता मानूस गेलं. भांडू तरी कुनाशी?" थोड्या वेळानं पुन्हा म्हणाल्या, "आन् त्या बाईला नको आसंल तर? तिच्या मानसांना काय वाटंल? मी इतकी वर्सं परक्या बाईच्या कपाळाला हात लावला."

सुनील सर म्हणाले, कुंकू पूर्ण काढून मास्तरांनी काढलं तसं कपाळ मोकळं करता येईल. किंवा खपली काढून आत मुरलेला लाल ठसा तसाच ठेवता येईल. एकदा काढलं की परत येणार नाही. तुम्ही सांगाल तसं करतो.

"मी कोन सांगनार?" केशरबाई म्हणाल्या. "आदी तिच्या मानसांना इचारा."

असा माझा पुन्हा प्रवास झाला. बाजाराच्या दिवशी आम्ही अकोल्याला गेलो. ज्ञानेश्वरीनं मला जीपमध्ये मांडीवर धरलं होतं आणि केशरबाई सगळ्या वाटेत माझ्यावरची चादर नीट करत होत्या. बाजारात तांदळाच्या पोत्यांपाशी मला टेकवून ठेवलं. वर आभाळ, समोर तेच डोंगर. खरं सांगते, मला क्षणभर कळेना, की मी जागी आहे की कारखान्याच्या वासात डुलकी घेते आहे. माणसं जमली. कुणी म्हणालं, ही अमक्याची आजी. कुणी म्हणालं, छे, ती उंच होती. तेवढ्यात एक साठीची बाई गर्दीतून वाट काढत आली. तिनं चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. ती सुपाजवळ वाकली.

"ह्ये आजीचं हात," ती म्हणाली. "आशीच हालवायची. चांगुणा. माजी आजी हाय ही."

ती भागिरथी, चांगुणाबाईच्या लेकाची लेक. तिच्याही घरी आजीचा फोटो नव्हता. तिनं माझ्या अर्धवट हातांवर आपला हात धरला, टेकवला नाही. मग तिची नजर वर गेली.

"कुंकू कुनी लावलं?"

 केशरबाई पुढे आल्या. "मी लावलं. मला ठावं नव्हतं, बाई. माजी सासू समजून लावलं, दर नवमीला. तुमी म्हनाल तर आजच पुसते. तुमची आजी, तुमचा सबूद."

भागिरथी पोत्यावर बसली. तिनं पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, "आमाला ती लई येळा सांगायची. मास्तरनं लाल रंग दावला, इचारलं काढू का, आन् मी नगं म्हनले. शेवटल्या पावसाळ्यात तर रोजच सांगायची. म्हनायची, एकदा न्हाई म्हनले, मास्तरनं लगेच आयकलं. आनखी एकदा इचारलं असतं, तर व्हय म्हनले असते."

केशरबाईंनी तिच्याकडे पाहिलं.

"ऱ्हाऊ द्या," भागिरथी म्हणाली. "तुमी न इचारता लावलं, त्येच बरं झालं."

मग त्या दोघी पोत्यांवर शेजारी शेजारी बसून चहा प्यायल्या. मला कुणाच्या घरी न्यायचं, यावर थोडी ओढाताण झालीच. भागिरथी म्हणाली, "आमच्याकडं पावसात घर गळतंय, तसबीर तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या, पर नवमीला मला बोलवायचं." केशरबाई म्हणाल्या, "तुमी न्हाई आलात तर मी पानच वाढनार न्हाई."

सुनील सरांनी मला बरं केलं. काळवंडलेपण गेलं, रंगाचे सुटलेले पापुद्रे जागेवर बसले, मागची गाय धुक्यातून बाहेर आली. खपली काढली, लाल ठसा ठेवला. कडेला, खिळ्यांपाशी, त्यांना एका बोटाचा लाल डागही दिसला. मास्तरांनी रंग पुसला असेल असं त्यांना वाटलं. त्यांनी त्यावर चौकट बसवली आणि पुढे काच लावली.

यंदाच्या नवमीला भागिरथी नवऱ्याला घेऊन एसटीनं आली. मला पाटावर ठेवलं. खीर झाली, वडे झाले, कावळ्यानं घास नेला. भागिरथी सवाष्ण म्हणून पोटभर जेवली. तिला कुंकू लावायची वेळ आली तेव्हा ज्ञानेश्वरी करंडा घेऊन उठली. केशरबाई भिंतीपासून पुढे आल्या आणि त्यांनी तो नातीच्या हातातून घेतला. आधी माझ्या काचेवर बोट टेकवलं, मग भागिरथीच्या कपाळावर.

तुम्हाला रीत माहीत असेल. आपल्याला कुंकू लावलं की लावणारीला आपणही लावायचं. भागिरथीनं करंड्यात बोट बुडवलं. केशरबाईंनी मान मागे घेतली. "नगं," त्या म्हणाल्या. "लोक काय म्हनतील."

भागिरथीचं बोट तसंच राहिलं. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं. मग म्हणाली, "आनखी एकदा इचारते. लावू का?"

केशरबाईंनी डोळे मिटले आणि कपाळ पुढे केलं.

मित्रांनो, जुन्या तसबिरींना जपा. आम्हाला ओल्या फडक्यानं पुसू नका, थेट उन्हात टांगू नका, काच नसेल तर हात लावू नका. आमच्यात कोण बसलं आहे हे सांगणारी माणसं आहेत तोवर विचारून ठेवा. पण माझं खरं मागणं वेगळंच आहे. तुमच्या घरात एखादं म्हातारं माणूस कशाला नको म्हणालं, तर त्याचा मान राखा, आणि थोड्या वेळानं पुन्हा एकदा विचारा.

आता दुपार आहे. पंखा फिरतो आहे. केशरबाई माझ्याखाली तांदूळ निवडत बसल्या आहेत, कपाळावर लाल टिकली आहे, आणि हात काही थांबत नाहीत.